स्पर्श कोणाला होतो?

माणसाच्या एका हाताच्या तळव्यात, बोटांसकट, दाब, कंप आणि ताण टिपणारे सुमारे १७,००० मज्जातंतू येऊन पोचतात. रोलँड योहान्सन आणि ओके व्हाल्बो या स्वीडिश शास्त्रज्ञांनी जाग्या माणसांच्या हातातील नसांत अतिशय बारीक सुया घालून एकेका तंतूचे संदेश टिपले आणि १९७९ मध्ये हा हिशेब मांडला. हे तंतू सगळीकडे सारखे पसरलेले नाहीत. तळव्याच्या मध्यभागी ते विरळ आहेत आणि बोटाच्या टोकाशी दाट. ते एका जातीचेही नाहीत. काही स्थिर दाब आणि वस्तूची कड सांगतात, काही हलकीशी घसरण, काही शेकडो हर्ट्झचा कंप, तर काही त्वचा कोणत्या दिशेला ताणली जाते आहे ते. निसटू लागलेला पेला सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत, आपण काही विचार करण्याआधीच, पकड घट्ट होऊन सावरला जातो तो यांच्या जोरावर. स्टॉकहोममधील एका प्रयोगात, २०१३ साली, जेमतेम १३ नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्या असलेला पृष्ठभाग माणसाच्या बोटाला वेगळा ओळखता आला. यंत्रमानवाचा हात करू पाहणाऱ्यांना बोटाच्या या टोकाकडे वळावे लागले यात नवल नाही. कॅमेरे कितीही चांगले बसवले तरी वस्तू मुठीत आली की ती बोटांआड झाकली जाते, आणि नेमकी त्याच क्षणी ती घसरते आहे की चिरडली जाते आहे हे कळायला हवे असते.

आज या प्रयत्नांना खरोखर यश आले आहे. ब्रिस्टलच्या प्रयोगशाळेतील ‘टॅकटिप’ या कृत्रिम बोटाच्या रबरी त्वचेला आतल्या बाजूने बारीक खुंट्या असतात. आपल्या बाह्यत्वचेखाली जे उंचवटे असतात त्यांची ती नक्कल आहे. त्वचा दबली की खुंट्या कलतात आणि आतला कॅमेरा ते कलणे पाहतो. एमआयटीतील एडवर्ड अ‍ॅडेलसन यांच्या गटाने २००९ मध्ये मांडलेल्या ‘जेलसाइट’मध्ये मऊ जेलच्या गादीवर चकाकणारा लेप असतो. वस्तू टेकली की तिचा उठाव लेपात उमटतो, आतून पडणाऱ्या प्रकाशात त्याचे फोटो निघतात आणि नोटेवरची उठावदार छपाईसुद्धा मोजता येते. कॅलिफोर्नियात घडवलेल्या ‘बायोटॅक’मध्ये त्वचेखाली वीजवाहक द्रव आहे आणि वर बोटावरच्या रेषांसारख्या रेषा आहेत. २०१२ मध्ये त्याने ११७ प्रकारचे पृष्ठभाग घासून पाहून ओळखले, आणि शंभरातून पंचाण्णव वेळा तो बरोबर ठरला. कापडांचे पोत ओळखण्याच्या एखाद्या परीक्षेत आपल्यापैकी बरेच जण त्याच्यामागे पडतील. तेव्हा या यंत्रांना ‘फक्त आकडे मोजणारी’ म्हणून बाजूला सारणे हा आळस होईल. प्रश्न त्यापेक्षा खोल आहे. बोटाच्या टोकाला जे जे कळते ते सगळे ज्याला कळते, त्याला स्पर्श होतो असे म्हणायचे का?

आपल्याकडे हा प्रश्न यंत्रांच्या कितीतरी आधी उपस्थित झाला होता, कारण स्पर्श कोणाचा हे ठरवताना आत्मा आहे की नाही हेच ठरत होते. नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांच्या, मते स्पर्श हा द्रव्याचा गुण आहे. थंड, उष्ण आणि दोन्ही नसलेला असे त्याचे प्रकार आहेत. त्वचा हे त्याचे इंद्रिय सबंध शरीर व्यापून असते. वस्तू आणि त्वचा यांचा संनिकर्ष, म्हणजे संबंध, झाला म्हणजे काम झाले असे मात्र ते मानत नाहीत. त्वचेशी मनाचा संयोग हवा, मनाशी आत्म्याचा हवा. नंतरच्या नैयायिकांनी तर त्वचा आणि मन यांचा संयोग हे ज्ञानमात्राचे कारण मानले: गाढ झोपेत मन पुरीतत् नावाच्या नाडीत शिरते, तिथे त्वचा नाही, म्हणून त्या वेळी काहीच कळत नाही. पाहण्याऐकण्यासह सगळ्या ज्ञानाचा उंबरठा त्यांनी त्वचेवर नेऊन ठेवला, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. गौतमाच्या न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाचा आरंभही स्पर्शाच्या आधाराने होतो. जी वस्तू मी पाहिली तिलाच मी आता हात लावतो आहे अशी ओळख पटते. डोळा हात लावत नाही आणि त्वचा पाहत नाही. म्हणून या दोघांहून वेगळा, दोन्ही जाणणारा कोणी तरी असला पाहिजे, असा तो युक्तिवाद आहे.

या युक्तिवादाने यंत्राचा प्रश्न निकालात निघेल असे वाटते, पण तो निघत नाही. कॅमेऱ्याने टिपलेला कप आणि जेलला लागलेला कप एकच आहे हे आजचे यंत्र जुळवू शकते. दोन्हींकडून आलेली माहिती एका जाळ्यात एकत्र करणे हेच त्या क्षेत्रातले रोजचे काम आहे. जुळणी करणारा एक असणे एवढीच ज्ञात्याची अट असेल, तर ती यंत्राने जवळजवळ पुरी केली आहे. नैयायिक म्हणेल की जुळणी होणे वेगळे आणि ‘मी जाणतो’ असा प्रत्यय येणे वेगळे. ते मला मान्य आहे. पण ते म्हणणे कॅमेऱ्यालाही लागू पडते. त्यातून सर्वच जाणिवेचा प्रश्न उभा राहतो आणि स्पर्शाबद्दल विशेष काही कळत नाही. बौद्धांची मांडणी इथे अधिक उपयोगाची आहे. त्यांच्या लेखी स्पर्श म्हणजे तिघांचे एकत्र येणे: इंद्रिय, विषय आणि विज्ञान, म्हणजे त्या विषयाची जाणीव. आणि प्रतीत्यसमुत्पादाच्या, म्हणजे एकातून दुसरे उद्भवते अशा कारणांच्या, साखळीत स्पर्शाची पुढची कडी वेदना आहे, म्हणजे सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेला अनुभव. कोणी आत्मा आहे असे न मानताही बौद्धांना स्पर्शापासून वेदना सुटी करता आली नाही. जिथे काहीच सुखद किंवा दुःखद होऊ शकत नाही तिथे दोन पदार्थ एकमेकांना टेकले आहेत, एवढेच म्हणता येईल.

हे स्पर्शालाच विशेषकरून का लागू पडावे, याचे उत्तर मला अ‍ॅरिस्टॉटलच्या आत्म्यावरील ग्रंथाच्या अखेरच्या भागात मिळते. तो म्हणतो की अतितेजाने डोळा जातो, अतिनादाने कान जातो, पण जे स्पर्शाने कळते त्याचा अतिरेक झाला, फार उष्ण, फार थंड किंवा फार कठीण असे काही भिडले, तर इंद्रियाबरोबर सबंध प्राणीच मरतो. म्हणून स्पर्श ही त्याच्या मते प्राणी असण्याची खूण आहे. बाकीची इंद्रिये नसली तरी प्राणी जगू शकतो, स्पर्शावाचून नाही. दूरचे पाहणारा डोळा पाहिलेल्यापासून सुरक्षित असतो. हात मात्र ज्याला जाणतो त्याच्या तावडीत असतो. निखाऱ्याची उष्णता जाणायची तर ती थोडी अंगात घ्यावी लागते. मला सांगायचे आहे ते हेच: स्पर्श म्हणजे ज्याला बाधा पोचू शकते त्याने, ती बाधा पत्करून, केलेली ओळख. बाधा होण्याची शक्यता काढून घेतली की मापन राहते, आणि ते कितीही सूक्ष्म असले तरी मापनच राहते.

या म्हणण्याला पुरावा हवा, आणि तो एका फसलेल्या प्रयोगातून मिळतो. डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ मध्ये तामिळनाडूच्या कोल्ली डोंगरांत झाला. स्वातंत्र्याच्या सुमारास वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात येऊन त्यांनी कुष्ठरुग्णांच्या वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या. कुष्ठरोगात बोटे सडून गळतात अशी तेव्हा सर्रास समजूत होती. ब्रँड यांनी दाखवले की रोग मज्जातंतू मारतो, त्यामुळे हात बधिर होतो, आणि मग गरम भांडे, खुपणारा खिळा, जोराने आवळलेला दांडा यांनी होणाऱ्या, कळतच नसलेल्या जखमा बोटे संपवतात. म्हणजे स्पर्श गेल्यामुळे हात जात होता. पुढे १९६६ मध्ये ते अमेरिकेत लुइझियाना राज्यातील कार्व्हिलच्या कुष्ठरुग्णालयात गेले आणि तिथे इंजिनिअरांना बरोबर घेऊन त्यांनी कृत्रिम वेदनेची यंत्रणा उभारण्याचा प्रयत्न केला. हातमोज्यात दाब मोजणारे सेन्सर बसवायचे, आणि धोक्याइतका दाब पडला की इशारा द्यायचा. आधी आवाजाचा इशारा दिला. रुग्ण त्याकडे दुर्लक्ष करीत. मग शरीराच्या जाणीव शाबूत असलेल्या भागाला विजेचा सौम्य झटका देऊन पाहिला. काम अडू लागले की रुग्ण यंत्रणा बंद करीत, अवघड काम उरकून घेत आणि मग पुन्हा चालू करीत. सेन्सर महागडे आणि नाजूक होते ही अडचण खरीच. पण ब्रँड यांनी माघार घेतली ती मुख्यतः दुसऱ्या कारणाने. ज्या वेदनेचे बटण माणसाच्या हाती आहे ती वेदना राखण करू शकत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. रुग्ण हुशार होते, इशाऱ्याचा अर्थ त्यांना पक्का ठाऊक होता, हात वाचावा अशी त्यांचीच इच्छा होती. माहिती पूर्ण पोचत होती. तरी तो त्यांचा स्पर्श झाला नाही, कारण ती माहिती त्यांच्याकडे बातमी म्हणून येत होती आणि बातमी बाजूला ठेवता येते.

यावर कोणी म्हणेल की मग कृत्रिम सेन्सर आणि स्पर्श यांचा कधी मेळच बसणार नाही, असे तुमचे म्हणणे आहे. तसे ते नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात युरोपातील संशोधकांनी हात गमावलेल्या एका डॅनिश गृहस्थाच्या दंडातील मज्जातंतूंमध्ये इलेक्ट्रोड बसवले आणि यांत्रिक हाताच्या बोटांतील सेन्सरचे संदेश तिथे नेले. डोळे बांधलेले असताना हातात आलेली वस्तू मऊ आहे की कठीण आणि तिचा आकार कसा, हे त्यांना ओळखता आले, आणि ते जाणवले त्यांच्या नसलेल्या बोटांत. असाच सेन्सर कारखान्यातल्या यांत्रिक हातावर असता तर त्याने असेच विद्युत संदेश पाठवले असते. फरक सेन्सरच्या बारकाईत नव्हता. एका ठिकाणी संदेशाच्या पलीकडच्या टोकाला जगणारे शरीर होते, ज्याला तो संदेश डावलता येत नव्हता. दुसऱ्या ठिकाणी तसे कोणी नसते. म्हणून ‘सेन्सरला स्पर्श कळतो का’ असे विचारणेच मला अपुरे वाटते. बोटाच्या टोकालाही, ते शरीरापासून तोडले तर, स्पर्श कळत नाही.

याहून अवघड हरकत बोटांच्या बाजूनेच येते. कापडाचा पोत चाचपताना किंवा अंधारात किल्ली शोधताना आपल्याला सुखही होत नाही आणि दुःखही, नुसते कळते. हळुवार कुरवाळण्याने सुखावणारे मंदगती तंतू केसाळ त्वचेत मुबलक आहेत. सेकंदाला एक ते दहा सेंटीमीटर या वेगाने हात फिरला की ते सर्वाधिक जागे होतात. तळव्यात आणि बोटांच्या टोकांत ते फार विरळ आहेत. निसर्गानेच बोटाचे टोक जाणण्यासाठी ठेवले आणि माया दंडापाठीकडे सोपवली, तर यंत्राने त्या टोकाची नक्कल केली यात कमी काय राहिले? शिवाय जन्मतः वेदनाच न जाणवणारी माणसे असतात. त्यांना पोत, दाब, ओरखडा कळतो. त्यांना स्पर्श नाही असे कोण म्हणेल? मी म्हणणार नाही, आणि म्हणूनच मी वर बाधा म्हटले, वेदना नाही. त्या माणसांची जीभ चावली जाते, हाडे मोडतात, काहींना लहानपणीच प्राण गमवावा लागतो. इशारा बंद असला तरी ज्याचे बरेवाईट व्हायचे ते शरीर तिथे आहे. चाचपणाऱ्या बोटाचेही तसेच. किल्ली शोधताना काहीच दुखत नाही ही त्या शरीराची शांत अवस्था आहे. खिशात ब्लेड असते तर त्याच बोटाने, त्याच क्षणी, सबंध हात मागे ओढला असता. बौद्धांनी सुखही नाही आणि दुःखही नाही अशा अनुभवालाही वेदनेतच मोजले ते याच जाणिवेतून असावे. जेलसाइटची गादी फाटली की ती काढून दुसरी बसवतात. असे सहज करता यावे हा तिच्या रचनेचा गुण मानला जातो, आणि तो गुणच आहे.

स्पर्श दोन्ही बाजूंनी होतो, शिवणाऱ्यालाही काही होते, हे महाराष्ट्रात कोणाला तत्त्वज्ञानाच्या ग्रंथातून शिकवावे लागत नाही. विटाळाची कल्पना उभीच त्यावर आहे. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी मार्च १९२७ मध्ये डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी घेतले, तेव्हा सनातन्यांनी ते तळे शुद्ध करून घेतले. पाण्याला काही झाले नव्हते. आपल्याला काही तरी होईल या भीतीने ते पाणी एरवी पिणारे सवर्ण धास्तावले होते. सुंदर सारुक्काई आणि गोपाळ गुरू यांनी ‘द क्रॅक्ड मिरर’ या २०१२ च्या पुस्तकात अस्पृश्यतेचा विचार करताना स्पर्शाच्या याच स्वरूपाला हात घातला आहे. जातीने माणसांना शिवण्याची बंदी केली, तीही स्पर्शाचे सत्य ओळखूनच केली, आणि म्हणून ती इतकी क्रूर ठरली: समोरच्यामुळे मला काही होऊ शकते हे मान्य करायचे आणि त्याचे सारे ओझे त्याच्यावर टाकायचे. अमरावतीला १९४६ मध्ये तपोवन उभारणारे डॉ. शिवाजीराव पटवर्धन आणि वरोऱ्याजवळ आनंदवन वसवणारे बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांना जवळ केले, तेव्हा त्या हातांना रोग होऊ शकत होता, निदान सगळ्यांची तशी समजूत होती. जखमा धुण्याचे काम बाधा न होणाऱ्या हाताने कदाचित अधिक स्वच्छ झाले असते. घरातून हाकललेल्या माणसाला मात्र त्या हाताने परत घेतले असे झाले नसते.

शुश्रूषेची यंत्रे बनवू पाहणाऱ्यांनी हा फरक नाकारू नये. जपानच्या रिकेन संस्थेने २००९ मध्ये दाखवलेला ‘रिबा’ हा यंत्रमानव, बाहूंवर बसवलेल्या स्पर्श-सेन्सरांच्या मदतीने, अंथरुणावरच्या माणसाला अलगद उचलतो. परिचारिकांच्या कंबरा वाचवणारे असे यंत्र हवेच. रुग्णाच्या त्वचेला त्याचा दाब सुखकर वाटेल हेही मी मान्य करतो. मंदगती तंतूंवरचे कित्येक प्रयोग यंत्राने फिरवलेल्या ब्रशानेच झाले आहेत, आणि माणसांनी तो ब्रश सुखद असल्याचे सांगितले आहे. कोमट पाणीही सुखद असते. रुग्णाला झालेला स्पर्श खरा असतो. त्याला स्पर्श करणारे मात्र तिथे कोणी नसते. आजाऱ्याला दोन्ही लागते, आणि एकाच्या बदल्यात दुसरे दिले असे भासवणे ही त्याची फसवणूक आहे.

आता शेवटची हरकत. किंगसन मॅन आणि अँटोनिओ डमासिओ यांनी २०१९ मध्ये असे सुचवले की मऊ, इजा होऊ शकणाऱ्या पदार्थांचे, स्वतःचा समतोल राखण्यासाठी धडपडणारे यंत्र बनवले, तर त्याच्यात भावनेसारखे काही उगवू शकेल. हे माझ्या म्हणण्याविरुद्ध नाही, उलट त्याला दुजोराच आहे: त्यांनाही वाट बाधेतूनच काढावी लागली. तसे यंत्र खरोखर झाले, तर त्याला स्पर्श होतो हे मी मान्य करीन. पण मग त्या यंत्राला वाटेल तिथे पाठवण्याची मुभा आपल्याला राहणार नाही, आणि आजच्या सेन्सरांचे मोठेपण नेमके त्या मुभेत आहे. संरक्षक साधनांशिवाय मलवाहिन्यांत माणूस उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी माणसे उतरवली जातात आणि विषारी वायूने मरतात. ती कोणत्या जातींची असतात हे सांगायला नको. २०१८ मध्ये केरळने ‘बँडिकूट’ हा मॅनहोल साफ करणारा यंत्रमानव कामाला लावला. त्याला बाहू आहे, कॅमेरे आहेत, वायू ओळखणारे सेन्सर आहेत. पण गाळात बुडाल्यावर कॅमेरा आंधळा होतो. दगड कुठला, चिंध्यांचा बोळा कुठला, पाइपाची कड कुठली, हे तिथे चाचपूनच कळते, आणि आजवर हे चाचपण्याचे काम माणसाच्या बोटांवर लादले गेले आहे. टॅकटिपच्या खुंट्या आणि बायोटॅकच्या रेषा ज्या बुद्धीने घडल्या त्या बुद्धीने आधी या काळोखात चालेल असा हात घडवावा. त्याला काही वाटणार नाही, म्हणूनच तो तिथे पाठवता येईल.